डाव्याचं घड्याळ

सोमवार, ३

स्वयंपाकघरातला दिवा बदलायला स्टुलावर चढले. दिवा बदलला. उतरताना स्टूल एकीकडे गेलं आणि मी दुसरीकडे. डावं मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे प्लास्टर. मी म्हटलं, अहो मी पियानो वाजवते. ते म्हणाले, मग उजव्यानं वाजवा, आणि स्वतःच हसले. वहिनीनं घरी आल्यावर पहिल्यांदा विचारलं की दिवा तरी लागला ना नीट.

दादा म्हणतो सुट्टी समज. सुट्टी कसली! सहा आठवड्यांवर नाचशाळेचा वर्षाचा कार्यक्रम आलाय. मॅनेजरनं आधीच सांगून ठेवलंय की यंदाचा कार्यक्रम झाला की ठरवू, पियानो ठेवायचा की वर्गात सरळ रेकॉर्ड केलेलं लावायचं. पियानो गेला की मी गेले. पाच वर्षं बाईंच्या वर्गाला वाजवतेय मी. बाई पायाने ताल धरतात, तोंडाने आकडे मोजतात, आणि मी त्यांच्या खांद्यांकडे बघून वाजवते. पट्ट्यांकडे बघायची वेळच येत नाही. डाव्या हातचा मळ म्हणायचे मी या कामाला. बसा आता.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "एका हातानं ये. पण ये."

मंगळवार, ४

दुकानातून एक छोटा कीबोर्ड आणलाय, वापरलेला. दोन सप्तकांचा, मांडीवर मावतो. त्यात सिक्वेन्सर आहे. म्हणजे सूर एकदा ओळीनं दाबून भरायचे, मग प्ले दाबलं की तो तेच तेच वाजवत बसतो, आपण थांबवेपर्यंत. गंमत अशी की त्याला स्वतःचा आवाजच नाही. तो नुसते हुकूम सोडतो, आवाज लॅपटॉप काढतो. आमच्या दादासारखं. हे मी दादासमोर बोलले आणि वहिनी इतकी हसली की दादा उठून गेला.

बेत असा: डाव्या हाताचं सगळं यात भरून ठेवायचं. खालचे सूर हा वाजवेल, वरचं मी उजव्यानं खऱ्या पियानोवर. नाव ठेवलंय ‘डावा’.

भरायला मात्र जीव जातो. एक स्टेप, म्हणजे एका सुराचं घर, चुकली की पुढच्या सगळ्या सरकतात. तीनदा सगळं पुसलं गेलं, कारण सेव्ह करायचं बटण आणि पुसायचं बटण शेजारीशेजारी ठेवलंय. कुणी बनवलं असेल हे? ज्यानं बनवलं त्याला दोन्ही हात होते, एवढं नक्की.

गुरुवार, ६

पहिला वर्ग. फजिती.

जुन्या व्यायामांना ठीक गेलं. मग कार्यक्रमाचा नवीन नाच सुरू झाला. त्यात फिरकीचा एक लांब भाग आहे. मुलींच्या दोन रांगा समोरासमोरून गिरक्या घेत येतात आणि बाईंच्या आठच्या आकड्यावर एकमेकींतून आरपार निघतात. तिथे डावा पुढे पळाला. पुढच्या फेरीला आणखी पुढे. माझा उजवा हात एका घरात, डावा दुसऱ्या घरात. बाईंनी टाळी वाजवून थांबवलं.

"तुझं पळतंय," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, माझं नाही बाई, याचं. त्या म्हणाल्या, हा कोण? मी दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून त्याच्याकडे असं बघितलं, जसं कुणी जेवायच्या टेबलावर चप्पल ठेवलीय.

शुक्रवार, ७

टेम्पो थोडा कमी करून बघितला. आता सुरुवातीला रेंगाळतो आणि शेवटी पळतो. म्हणजे एकाच फेरीत दोन्ही तक्रारी. मुली आरशातून माझ्याकडे बघतात. सगळ्यांत पुढे उभी असते ती उंच मुलगी तर मान हलवते, तिच्या आजीनं हलवावी तशी.

घरी येऊन फोनमधल्या, ठोके देणाऱ्या मेट्रोनोमशी ताडून बघितलं. डावा तसूभरही हलत नाही. मग वर्गातच काय होतं याला? लॅपटॉप गरम होत असेल. केबल लांब आहे म्हणून आवाज उशिरा पोचत असेल. पण मग मागे पडायला पाहिजे, पुढे कसा?

वहिनीला मी चिडवलेलं आवडत नाही, पण मला चिडवायचं असलं की ती मला वन्सं म्हणते. आज म्हणाली, "वन्सं, नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकलं होतं. वाजवता येईना यंत्र वाकडं, हे नवीन."

सोमवार, १०

पुन्हा तेच. पण आज एक लक्षात आलं. जुन्या नाचांना डावा बरोबर जातो. नवीन नाचालाच बिघडतो, आणि तोही फिरकीच्या भागात. म्हणजे त्या भागाचे सूर भरताना मी काहीतरी घोळ घातलाय. सगळं पुसून परत भरलं. एका हातानं. दोन तास.

बाई आज थकलेल्या होत्या. मला त्यांनी माझ्या आधीच्या पियानोवाल्याच्या नावानं हाक मारली, दोनदा. तो जाऊन पाच वर्षं झाली. मुली खुदखुदल्या. मीही हसले. तीस वर्षं वर्ग घेतल्यावर माणूस नावं तरी किती लक्षात ठेवणार? शिवाय तो बुवा म्हणे फार छान वाजवायचा. हे बाई मला दर वर्षी ऐकवतात, तेव्हा त्याच्या नावानं एकदा हाक मारली तर काय बिघडलं.

बुधवार, १२

आज डावा मेला. वर्ग सुरू, बाई ‘पाच, सहा, सात, आठ’ म्हणतायत, मी प्ले दाबतेय आणि हा ढिम्म. दिवे लागलेत, लॅपटॉप चालू आहे, हात लावला की पट्टी वाजते, पण प्ले दाबलं की पहिल्या स्टेपवर लुकलुकत उभा. जणू कुणाची तरी वाट बघतोय. सगळा वर्ग मी एका हातानं काढला. खालचे सूर नाहीत, नुसती वरची टिणटिण. मॅनेजर दारातून डोकावला. नेमका आजच.

गंमत म्हणजे बाईंना आज काही खटकलं नाही. फिरकीसुद्धा नीट गेली.

घरी येऊन डाव्यावर राग काढला. केबली बदलल्या, बंद करून चालू केला, उलटा धरला, हलवला. शेवटी दिसलं की मागच्या बाजूला एक बारकं बटण आहे, घड्याळ आतलं की बाहेरचं असं ठरवणारं. ते पिशवीत सरकलं होतं. बाहेरच्या घड्याळावर ठेवलं की हा स्वतःहून चालत नाही, दुसऱ्या कुणी ठोका दिला तर एक पाऊल पुढे. आतल्या घड्याळावर परत आणला. चालायला लागला. सबंध दिवस एका बटणापायी. मला रडू आलं, खोटं कशाला लिहू.

हो, आणि बाईंचे बाहेरचे बूट पियानोखाली राहिले. त्या नाचाचे पातळ बूट घालूनच घरी गेल्या, रस्त्यावरून. उद्या चिडवायला हवं.

गुरुवार, १३

नाही चिडवलं. बूट दिले तेव्हा त्या म्हणाल्या, "कुणाचे?" मग लगेच म्हणाल्या, माझेच की. मग बराच वेळ लेस बांधत बसल्या.

शनिवार, १५

पुरावा म्हणून आज फोनवर सबंध वर्ग रेकॉर्ड केला. म्हटलं घरी शांतपणे ऐकून डावा कुठे पळतो ते पकडू, आणि तो भाग दुकानदाराच्या कानात घालू.

ऐकलं. फिरकीच्या पहिल्या फेरीत बाईंचा आवाज: पाच, सहा, सात, आठ. दुसऱ्या फेरीत: पाच, सहा, सात, सात, आठ.

मला वाटलं रेकॉर्डिंगच अडखळलं. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तिसऱ्या फेरीतही सात दोनदा. चौथ्याही. डावा पुढे पळत नाहीये. डावा आहे तिथेच आहे.

मग मागच्या वर्षीच्या कार्यक्रमाच्या तालमीचं फोनमध्ये होतं ते काढलं. तेव्हा मी दोन्ही हातांनी वाजवत होते. तिथेही एका ठिकाणी सात दोनदा आहे. आणि त्या ठिकाणी माझा डावा हात थांबलाय. खालचा सूर धरून ठेवलाय, दुसरा सात होईपर्यंत, मग आठला गेलाय. काही चुकलंय असं ऐकणाऱ्याला अजिबात कळत नाही. मला स्वतःला कळलं नव्हतं. मी खांद्यांकडे बघत होते.

यंत्र बरोबर आहे आणि मला त्याचा भयंकर राग आलाय.

रविवार, १६

दिवसभर घरात सगळ्यांशी भांडले. विषय महत्त्वाचे नव्हते. एकदा टॉवेल, एकदा खिडकी. वहिनीनं विचारलं काय झालंय. मी म्हटलं यंत्र. ती म्हणाली, यंत्रापायी एवढं? मी म्हटलं हो.

बाई थकल्यात. कार्यक्रम जवळ आलाय, कुणीही थकेल.

सोमवार, १७

जे होऊ नये ते झालं. फिरकीच्या भागात अर्ध्या मुली डाव्याच्या ठोक्यावर गेल्या, अर्ध्या बाईंच्या आकड्यांवर. रांगा आरपार निघायच्या ऐवजी एकमेकींवर आदळल्या. उंच मुलीच्या कोपरानं समोरच्या मुलीचा ओठ फुटला. रक्त फार नव्हतं, रडणं फार होतं. बाई मधोमध उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. आकडे मोजत होत्या, आवाज न करता.

मॅनेजर आला. मुलीला बर्फ दिला, बाकीच्यांना घरी पाठवलं. तो वाईट माणूस नाही. मला बाजूला घेऊन त्यानं सरळ विचारलं. "कुणाचं चुकतंय? तुम्ही सांगा. मला नाचातलं कळत नाही, पण काहीतरी जुळत नाहीये एवढं मलाही दिसतं."

बाई लांब बाकावर बसून एका हातानं मुलीच्या ओठावर बर्फ धरून दुसऱ्यानं तिच्या बुटांचे बंद सोडवत होत्या. आमच्याकडे बघत नव्हत्या. आणि ते न बघणंही फार मन लावून चाललं होतं.

मी म्हटलं, यंत्राचं चुकतंय.

तो म्हणाला, मग शुक्रवारपर्यंत बघा. नाहीतर मी रेकॉर्ड केलेलं लावायला सांगतो, उगीच पोरींना लागायला नको. त्यात काही चूक नाही. मी त्याच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं. फक्त रेकॉर्डिंग कुणाच्या खांद्यांकडे बघत नाही. पहिल्याच दिवशी सगळ्या शाळेला कळेल की बाई कुठे अडतात.

आणि एक लिहून ठेवते, कारण इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. मी खोटं बोलले ते बाईंसाठी की माझ्यासाठी, मला माहीत नाही. पियानो राहिला तर दोघी राहतो.

मंगळवार, १८

तीन गोष्टी करून बघितल्या. एक, दुसऱ्या फेरीपासून नऊ स्टेप भरल्या, सातची एक जादा. पण आज बाईंनी दुसऱ्या फेरीत सात एकदाच म्हटला आणि चौथीत तीनदा. दोन, टेम्पोचं चाक वर्ग चालू असताना हातानं फिरवायचं. पण उजवा हात पियानोवर आहे आणि डावा हात भिंतीसारखा. नाकानं फिरवणार? तीन, रडणं. ते जमलं.

वैताग असा की याला सगळं येतं. चौसष्ट स्टेप, झुलता ताल, उलटा ताल, सूर स्वतःच्या मनानं उधळणं. फक्त समोरच्या माणसासाठी थांबणं येत नाही.

संध्याकाळी भांडी विसळताना आठवलं की गेल्या बुधवारी तो थांबला होता. सबंध वर्गभर थांबला होता. मीच त्याला शिव्या घालत होते.

बुधवार, १९

डावा घेऊन दुकानात गेले. म्हटलं, याला बाहेरच्या घड्याळावर ठेवायचं आहे आणि ते घड्याळ म्हणजे माझा पाय. पियानोच्या पेडलसारखं एक पेडल पाहिजे. दर दाबाला एक ठोका, एक ठोका म्हणजे एक स्टेप. नाही दाबलं तर यानं हलायचं नाही.

दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, लोक माझ्याकडे येतात ते याचं घड्याळ काटेकोर चालावं म्हणून. तुम्ही पहिल्या, ज्यांना ते बिघडवून पाहिजे. मग त्यानं जुनं पेडल शोधलं, एका प्लास्टिकच्या डबीत बॅटरी घातली, तारा जोडल्या, डबीवर चिकटपट्टी मारली. दिसायला अगदी दळभद्री. पाय दाबला, डावा एक सूर वाजवून थांबला. पाय उचलून धरला, तो थांबूनच. दुकानदार म्हणाला, पण मग हे सगळं तुम्हीच वाजवताय, यंत्र कशाला?

बरोबर आहे त्याचं. पायानं ठोका, उजव्यानं वरचं, डोळे खांद्यांवर. घरी सराव करताना पिंडरीत गोळे आले.

शुक्रवार, २१

मॅनेजर खुर्ची टाकून बसला होता. फिरकी आली. पाच, सहा, सात. मी पाय वर धरला. बाईंचा डावा खांदा किंचित वर गेला, नेहमी जातो तसा, म्हणजे आठ यायचा नाही अजून. सात. मग खांदा खाली आला, मी पाय दाबला, आठ. रांगा आरपार. मॅनेजरनं मान डोलावली, खुर्ची उचलली आणि जाताना म्हणाला, दुरुस्त झालं म्हणायचं यंत्र.

मुली गेल्यावर बाई माझ्या शेजारी पियानोच्या बाकावर येऊन बसल्या. पाच वर्षांत त्या कधी या बाकावर बसल्या नव्हत्या. त्यांनी वाकून पेडलकडे बघितलं, चिकटपट्टीच्या डबीकडे बघितलं.

"किती दिवस झाले तुला कळून?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, शनिवारपासून.

"मला घरी गेल्यावर कळतं. वर्गात नाही कळत. वर्गात मला वाटतं की तूच पळतेस." मग म्हणाल्या, "त्या आधीच्या पियानोवाल्याबरोबर कधी असं झालं नाही. तुझ्याबरोबरही झालं नव्हतं, हे यंत्र येईपर्यंत."

झालं होतं बाई, असं मी म्हणाले नाही.

मग त्यांनी सांगितलं की डॉक्टरला दाखवलंय. मुलगा लांब असतो, त्याला अर्धंच सांगितलंय. या तुकडीला त्यांनी लहानपणापासून शिकवलंय, एवढा कार्यक्रम झाला की त्या स्वतः ऑफिसात जाऊन सांगणार आहेत की आता पुरे. "तोवर मला धर," त्या म्हणाल्या. "नंतर सोड."

मी चिडले. हो, चिडले. मी म्हटलं, त्या मुलीचा ओठ फुटलाय बाई. त्या म्हणाल्या, माहीत आहे, तो बर्फ मीच धरून बसले होते. मी म्हटलं, निदान मुलींना सांगा. त्या म्हणाल्या, त्या मोजून नाचायला शिकतायत, आणि मी त्यांना सांगू की माझ्या मोजण्यावर विसंबू नका?

मी पेडल सोडवून पिशवीत टाकलं.

रविवार, २३

वहिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू ऑफिसात सांगणार आहेस का?" नाही. "बाईंना थांबवणार आहेस का?" नाही. "मग चिडतेस कुणावर?"

मी म्हटलं, सगळ्यांवर. ती म्हणाली, मग ठीक आहे, सगळ्यांवर चिडलेल्या माणसाला निदान भूक तरी लागते, चल ताट वाढते.

सोमवार, ३१

रोज तेच. पाय वर, पाय खाली. बहुतेक वेळा सात दोनदा. तीनदा क्वचित. मी चुकत नाही आता, आणि यात मला काडीचाही आनंद नाही. मुली तर इतक्या बिनचूक झाल्यात की बघत राहावं. बाई खूश आहेत. फुटलेल्या ओठाची मुलगी ओठ बरा झाल्याचं सगळ्यांना दाखवत फिरते.

एक गोष्ट मात्र वेगळी असेल. कार्यक्रमात बाई मोठ्यानं मोजणार नाहीत. त्या विंगेत असतील. नाच नुसता संगीतावर. मला तर सुटल्यासारखं वाटतंय. तिथे बाईंचं मोजणंच नाही म्हणजे अडणंही नाही. त्या दिवशी डावा आतल्या घड्याळावर ठेवायचा, काटेकोर, आणि विषय संपवायचा.

गुरुवार, १० (रंगीत तालीम)

पुन्हा फजिती.

डावा आतल्या घड्याळावर ठेवला. पेडल पिशवीत. पडदा वर. सुरुवात झकास. फिरकी आली. पाच, सहा, सात, आणि डावा आठवर गेला. स्टेजवर एकही मुलगी गेली नाही. सगळ्या पायाच्या चवड्यांवर, हात वर, उभ्या. एक सबंध ठोका. मग सगळ्या एकदम निघाल्या, आणि संगीत तोवर पुढच्या ओळीत. मग कोण कुणाला शोधतंय तेच कळेना. मॅनेजर पहिल्या रांगेत. बाई विंगेत, पडदा मुठीत धरून.

उंच मुलगी स्टेजच्या कडेपर्यंत चालत आली. घामेजलेली, भडकलेली.

"ताई, तुम्ही सात एकदाच घेतलात."

मी म्हटलं, एकदाच असतो गं. ती माझ्याकडे असं बघायला लागली की मीच नाचशाळेत काल आलेय. म्हणाली, पहिल्या फेरीत एकदा, पुढे दोनदा. आम्हाला असंच शिकवलंय. मागे उभ्या मुलींनी माना डोलावल्या. फुटलेल्या ओठाची मुलगी म्हणाली, दुसऱ्या सातला श्वास घ्यायचा असतो ना, मग उडी.

मी विंगेकडे बघितलं. बाईंनी पडदा सोडला होता.

मॅनेजर उठून विचारायला लागला, यंत्र पुन्हा बिघडलं का? मी म्हटलं, नाही, मी चुकीच्या घड्याळावर ठेवलं होतं. पिशवीतून पेडल काढलं.

शनिवार, १२

झाला कार्यक्रम.

सभागृह भरलं होतं. दादा, वहिनी तिसऱ्या रांगेत. फिरकी आली तेव्हा माझा पाय इतका गार पडला होता की पेडलवर आहे की नाही तेच कळत नव्हतं. दुसरी फेरी. पाच, सहा, सात. पाय वर धरला. खालचा सूर लांबत राहिला. स्टेजवर सगळ्या मुली चवड्यांवर, हात वर, कुणी पापणी हलवली नाही. सभागृहात कुणी खोकत होतं ते थांबलं. विंगेतून अगदी हळू आवाज आला, माझ्यापुरता, सात. मग त्या सगळ्यांनी मिळून श्वास घेतलेला ऐकू आला आणि मी पाय खाली सोडला.

टाळ्या तिथेच सुरू झाल्या, मध्येच. शेवटपर्यंत थांबायचं भान लोकांना राहिलं नाही.

नंतर मागच्या खोलीत गर्दी. मॅनेजर फार खूश. म्हणाला, ते थांबणं, ते मधलं, मला नाचातलं कळत नाही पण अंगावर काटा आला बुवा. कुणाची कल्पना? पियानो राहतोय आपला, हे आजच सांगून टाकतो, पण मला आधी सांगा, ते थांबणं कुणाचं?

बाईंनी तोंड उघडलं. त्यांच्या हातात बाहेरचे बूट होते, दोन्ही. त्या काय बोलणार होत्या मला माहीत नाही. खरं बोलल्या असत्या असं वाटतं.

मी म्हटलं, "बाईंचं. आमच्याकडे सात दोनदा असतो."

बाईंनी बूट खाली ठेवले आणि कितीतरी वेळ माझ्या प्लास्टरवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

सोमवार, १४

प्लास्टर काढलं. आतला हात माझा वाटत नाही, बारका आणि पांढरट. डॉक्टर म्हणाले, वाजवा आता दोन्हीनं. हसले पुन्हा.

बाई सकाळी ऑफिसात जाऊन आल्या. स्वतः, ठरल्याप्रमाणे. मला फोनवर सांगितलं, "सोड आता."

सोमवार, १२

मध्ये महिनाभर वही उघडली नाही. मनगटाचे व्यायाम, दुसरं काही नाही. डावा दुकानदाराला परत देऊन टाकला. पेडल आणि डबी मात्र त्यानं घेतली नाही. म्हणाला, याला दुसरं गिऱ्हाईक मिळायचं नाही.

आज नवीन बाईंचा पहिला वर्ग. तरुण आहेत, हसऱ्या आहेत, आकडे अगदी लख्ख मोजतात. मी दोन्ही हातांनी वाजवलं, खांद्यांकडे बघत. सरळ खांदे, वर-खाली होत नाहीत. पाच, सहा, सात, आणि माझा डावा हात तिथेच थांबला. समोर उंच मुलगीही थांबली, चवड्यांवर. नव्या बाई आठवर एकट्याच पोचल्या.

त्या हसून म्हणाल्या, "तुमचं मागे राहतंय हं."

मी म्हटलं, हो, बघते.